मर्जी कोणाची?

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

'मर्जी' या शब्दाचा अर्थ मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हुजुरांची मर्जी, जहागीरदारांची मर्जी, तहसीलदारसाहेबांची मर्जी, अशा अनेक मर्ज्या सांभाळत इथल्या कित्येक पिढ्यांनी दिवस काढले. निजामाचे राज्य १९४८ साली गेले. पण हा शब्द गेला नाही. तो आपल्या राज्यघटनेतही आहे. घटनेच्या १६४ व्या कलमात म्हटले आहे, की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील, इतर मंत्र्यांची नेमणूक ते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने करतील, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतील.

वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो. ही मर्जी कोणाची? राजभवनात बसलेल्या एका व्यक्तीची? तिला वाटले तर ती एखाद्या मंत्र्याला किंवा सबंध मंत्रिमंडळाला घरी पाठवू शकते काय? आणि तसे तिने चुकीने केले, तर न्यायालयाचा दरवाजा ठोठावता येतो काय? कायद्याच्या पुस्तकात याला न्यायालयीन पुनर्विलोकन असे भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, राज्यपालांच्या हुकुमाचा कागद न्यायाधीशांनी उलटून पाहायचा की नाही, एवढाच हा वाद आहे. या वादाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातली महत्त्वाची पाने आपल्या मराठी मुलखातच घडलेली आहेत.

सुरुवात १९३८ पासून करू. आमच्या हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. त्या वेळी ती दोन राज्यपद्धतींची सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि त्यातल्या परभणी जिल्ह्याचा हिंगोली तालुका. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. अलीकडे दिवाण नेमायचा तो फर्मानाने आणि काढायचा तोही फर्मानाने. तिसरे सालारजंग १९१४ साली दिवाणपदावरून दूर झाले, तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान यांनी पुढची पाच वर्षे दिवाण न नेमता स्वतःच कारभार पाहिला. पुढे १९१९ साली त्यांनी कार्यकारी मंडळ नेमले, सर अली इमाम यांना त्याचे अध्यक्ष केले, तेही फर्मानानेच. यात रयतेला कोणी विचारले नाही आणि कोर्टाने विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पलीकडे मात्र १९३७ साली निवडणूक झाली होती. १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतात लोकांनी निवडलेली विधानसभा होती, मंत्रिमंडळ होते, आणि नागपूरचे डॉक्टर नारायण भास्कर खरे हे त्याचे मुख्यमंत्री होते. त्या काळी या पदाला पंतप्रधान म्हणत. मंत्रिमंडळात मराठी भागाचे आणि महाकोशलचे असे दोन गट पडले. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही. २० जुलै १९३८ रोजी डॉ. खरे यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर रामराव देशमुख आणि पुरुषोत्तम गोळे यांनीही दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या तिघांना डॉ. खऱ्यांनी राजीनामे मागितले. तिघांनी नकार दिला. पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याशिवाय आम्ही राजीनामा देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

गव्हर्नर होते सर फ्रान्सिस वायली. येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी रात्रीचा दिवस केला, तिघा मंत्र्यांना बडतर्फ केले आणि २१ जुलैला डॉ. खऱ्यांना पुन्हा मंत्रिमंडळ बनवून दिले. काँग्रेसमध्ये एकच गदारोळ उठला. श्रेष्ठींनी कान उपटल्यावर दोनच दिवसांनी, २३ जुलैला, डॉ. खऱ्यांनी पुन्हा राजीनामा दिला. त्यानंतर वर्ध्याला रविशंकर शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली. काँग्रेस कार्यकारिणीने डॉ. खऱ्यांना दोष दिला आणि गव्हर्नरांच्या घाईवरही सडकून टीका केली.

या प्रकरणाचा 'खरे प्रकरण' म्हणून जो गाजावाजा झाला, तो पक्षशिस्तीच्या अंगाने झाला. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तीन मंत्री गव्हर्नरांच्या सहीने गेले. मुख्यमंत्री पक्षाच्या दबावाने गेले. ज्या विधानसभेसाठी लोकांनी मते दिली होती, तिला या आठवड्याभरात कोणी एका शब्दाने विचारले नाही. आणि बडतर्फ झालेल्या तिघांना कायद्याने दाद मागायलाही जागा नव्हती. कारण १९३५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमात मंत्र्यांना निवडणे आणि काढणे हे गव्हर्नरांनी स्वतःच्या विवेकाने करायचे काम आहे, असे स्पष्ट लिहिलेले होते. पैनगंगेच्या अलीकडे फर्मान आणि पलीकडे कलम. पण मंत्र्याला घरी पाठवण्यापुरता फरक फारसा नव्हता.

स्वतंत्र भारताची घटना तयार करणाऱ्यांना हे सारे ठाऊक होते. घटनेच्या पहिल्या मसुद्यात, मंत्र्यांची नेमणूक आणि बडतर्फी राज्यपाल स्वविवेकाने करतील, असे जुन्या कायद्याच्या वळणाचे वाक्य होते. चर्चेअंती ते गाळले गेले. 'मर्जी' राहिली, 'स्वविवेक' गेला. शिवाय मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेला जबाबदार राहील, हे त्याच कलमात घातले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत मर्जीचा अर्थही उलगडून सांगितला. मंत्रिमंडळावर बहुमताचा विश्वास उरला नाही, की मर्जी संपली असे धरायचे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. म्हणजे सही राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची असली, तरी मर्जी सभागृहाची.

हा बदल आमच्या भागाने ज्या रीतीने पाहिला, तशी गंमत क्वचितच कुठे घडली असेल. २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले ते खुद्द निजाम मीर उस्मान अली खान. संस्थानांतून बनलेल्या राज्यांत राज्यपालाच्या जागी राजप्रमुख असे, आणि मंत्र्यांच्या बाबतीतली तरतूदही तीच लागू होती. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याचे दिगंबरराव बिंदू, ज्यांनी निजामी राजवटीविरुद्ध लढा दिला होता, ते गृहमंत्री झाले. कागदोपत्री हे मंत्रिमंडळ निजामाच्या मर्जीवर पदावर होते! माणूस तोच, शब्दही तोच. पण पूर्वी या मर्जीपुढे रयत वाकत होती. आता ती मर्जीच मतपेटीपुढे वाकलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राजप्रमुखपद गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या चार वर्षांत हिंगोलीच्या मतदाराला घटनेचा हा धडा पुस्तक न उघडताच मिळाला होता.

मग घोडे अडले कुठे? जोपर्यंत सरकारचे बहुमत सर्वांना डोळ्यांनी दिसते, तोपर्यंत कुठेच नाही. ते अडते आमदार फुटू लागले म्हणजे. सरकारने बहुमत गमावले आहे की नाही, हे ठरवायचे कोणी?

१९६७ साली पश्चिम बंगालात हा प्रश्न पहिल्यांदा उग्रपणे उभा राहिला. अजय मुखर्जी यांच्या सरकारातून काही आमदार बाहेर पडले. राज्यपाल धर्मवीर यांनी नोव्हेंबर संपण्याच्या आत विधानसभा बोलवा असे सांगितले. मंत्रिमंडळाने १८ डिसेंबरची तारीख धरली. राज्यपालांनी थांबायचे नाकारले आणि २१ नोव्हेंबरला सरकार बडतर्फ केले. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले, की मर्जी काढून घेण्याच्या राज्यपालांच्या अधिकाराला घटनेने बंधन घातलेले नाही. बाबासाहेबांनी सांगितलेला अर्थ जणू बाजूला राहिला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन मोठ्या निकालांनी गाडी रुळावर आणली. १९७४ साली शमशेरसिंग खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितले, की राज्यपाल हे घटनात्मक प्रमुख आहेत; काही मोजके अपवाद सोडले तर त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे. ११ मार्च १९९४ च्या बोम्मई निकालाने दुसरा खांब रोवला: सरकारचे बहुमत मोजण्याची जागा राजभवन नव्हे, विधानसभेचे सभागृह. आमच्या हळदीच्या मोंढ्यात वजनावरून वाद झाला, तर पोते पुन्हा काट्यावर ठेवतात. नुसते उचलून पाहून 'हे एवढे भरेल' असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. बोम्मई निकालाने राज्यपालांना हेच सांगितले.

तरीही एक अडचण उरली. घटनेचे ३६१ वे कलम म्हणते, की आपल्या अधिकारांच्या वापराबद्दल राज्यपाल कोणत्याही न्यायालयाला उत्तर देण्यास बांधील नाहीत. या ढालीमागे काय काय झाकता येते? १९९८ या एकाच वर्षात या प्रश्नाला दोन वेगवेगळी वळणे मिळाली.

पहिले उत्तर प्रदेशात. २१ फेब्रुवारीच्या रात्री राज्यपाल रोमेश भंडारी यांनी कल्याणसिंग यांचे सरकार बडतर्फ केले आणि जगदंबिका पाल यांना शपथ दिली. २३ तारखेला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या हुकुमाला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दोघेही सभागृहात या आणि एकाच वेळी मते मोजा. २६ फेब्रुवारीला मोजणी झाली: कल्याणसिंग २२५, पाल १९६. पाच दिवसांत निकाल लागला, आणि तो सभागृहाने लावला.

दुसरे गोव्यात. तिथे मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे. डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांच्या गटातले दहा आमदार फुटले. विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभापतींनी या दहा जणांना मतदान करू दिले नाही आणि राण्यांनी ठराव जिंकला. चाळीस जणांच्या सभागृहातून दहा जण वगळल्यावर उरलेल्या मोजणीला काय किंमत? राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जेकब, बांगलादेश युद्धातील ढाक्याच्या शरणागतीमुळे ज्यांचे नाव देशाला माहीत होते. २९ जुलैला त्यांनी राण्यांना पदावरून दूर केले आणि डॉ. डिसोझांना शपथ दिली. राणे मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेले. न्यायालयाने सांगितले, की १६४ व्या कलमाखाली राज्यपाल स्वतःच्या विवेकाने निर्णय घेतात, तेव्हा त्यांना ३६१ व्या कलमाचे संरक्षण आहे आणि न्यायालय त्यात शिरू शकत नाही. ढाल पूर्ण उंचीने उभी राहिली. डॉ. डिसोझांचे सरकार मात्र चार महिनेही टिकले नाही.

या प्रकरणात कोणाची बाजू घ्यावी, असा पेच पडतो. सभापतींचे वागणे पटत नाही. पण म्हणून राज्यपालांच्या हुकुमाकडे न्यायालयाने पाहूच नये, हेही पटत नाही. आणि दैवाचा खेळ असा, की सात वर्षांनी तेच नाटक उलट पात्रांनी झाले. २ फेब्रुवारी २००५ रोजी मनोहर पर्रीकर यांनी विश्वासमत मिळवले, ते एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढल्यानंतर. राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्याच दिवशी पर्रीकरांना बडतर्फ केले. शपथ कोणाला दिली? प्रतापसिंह राणे यांना! १९९८ साली ज्या मर्जीने त्यांना घरी पाठवले होते, तिनेच २००५ साली त्यांना खुर्चीवर बसवले. राज्यपालांच्या मर्जीवर आज खूश होणाऱ्याने उद्याचा विचार करावा, याला यापेक्षा बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

ढाल किती उंच, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २००६ रोजी बिहार विधानसभेच्या विसर्जनाच्या खटल्यात दिले. राज्यपालांना व्यक्ती म्हणून कोर्टात उभे करता येणार नाही. पण त्यांनी केलेली कृती वैध आहे की नाही, ती दुष्ट हेतूने झाली की काय, हे न्यायालय तपासू शकते. माणसाला संरक्षण, कागदाला नाही. २०१६ साली अरुणाचल प्रदेशच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. राज्यपालांच्या बेकायदा कृतीने गेलेले नबाम तुकी यांचे सरकार त्याने १३ जुलैला पुन्हा पदावर आणले.

एकट्या मंत्र्याचे काय? तुरुंगात गेलेल्या मंत्र्याला राज्यपालांनी काढावे, अशी मागणी आपण वारंवार ऐकतो. नवाब मलिक यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये अटक झाली, तेव्हा महाराष्ट्रातही ती झाली. ते सरकार जाईपर्यंत मंत्री राहिले. तामिळनाडूत राज्यपाल आर. एन. रवी यांनी २९ जून २०२३ रोजी अटकेतील मंत्री सेंथिल बालाजी यांना मुख्यमंत्र्यांना न विचारता बडतर्फ केले, आणि काही तासांत स्वतःच तो हुकूम स्थगित ठेवला. ५ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवाचून राज्यपाल मंत्र्याला काढू शकत नाहीत. असा मंत्री ठेवावा की नाही, याचा जाब मुख्यमंत्र्यांना विचारायचा. १९३८ साली वायलीसाहेबांनी डॉ. खऱ्यांच्या सांगण्यावरून तिघांना काढले होते. पण तसे करायला कायद्याने ते बांधलेले नव्हते. घटनेने आणलेला फरक इथे नेमका दिसतो.

आता आपल्या घरचे प्रकरण. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे शिवसेनेचे आमदार राज्याबाहेर गेले. २८ जूनला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना ३० तारखेला बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. हा बडतर्फीचा हुकूम नव्हता; पण त्या वाटेवरची पहिली पायरी होती. २९ च्या रात्री सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली आणि ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी त्यांनी विश्वास मिळवला. हिंगोली जिल्ह्याला ते दिवस विशेष आठवतात. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी ३ जुलैच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एका बाजूला मत दिले आणि ४ जुलैला दुसऱ्या बाजूला. पारावर, हॉटेलात, एसटीत, सगळीकडे तीच चर्चा. त्याचा बरावाईट हिशेब मतदारांनी आपल्या पद्धतीने केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी बांगर यांना पुन्हा निवडून दिले. तो त्यांचा अधिकार आहे.

कायद्याचा हिशेब ११ मे २०२३ रोजी झाला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने सांगितले, की बहुमत सिद्ध करायला सांगण्याजोगे ठोस कारण राज्यपालांपुढे नव्हते. आमदारांच्या पत्रात सरकारचा पाठिंबा काढतो असे म्हटलेले नव्हते. सुरक्षेच्या तक्रारीचा बहुमताशी संबंध नव्हता. पक्षातले भांडण मिटवणे हे राज्यपालांचे काम नव्हे, आणि विरोधकांना अविश्वास ठराव आणण्यापासून कोणी अडवले नव्हते. म्हणजे राज्यपाल चुकले. मग पुढे काय? पुढे काही नाही. ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिला होता, म्हणून जुने सरकार परत आणता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. आणि मुख्यमंत्रिपद रिकामे झाल्यावर शिंदे यांना बोलावण्यात राज्यपालांची चूक नव्हती, असेही.

या निकालावर दोन्ही बाजूंनी पेढे वाटले, हे आपण पाहिले. मी मात्र उत्तर प्रदेशातले ते पाच दिवस आणि महाराष्ट्रातले हे साडेदहा महिने शेजारी ठेवून पाहतो. लखनौत न्यायालयाने चूक कोणाची हे आधी ठरवत न बसता सभागृहाचे दार उघडून दिले. मुंबईत चूक कोणाची हे अगदी नेमके ठरले, पण तोवर सभागृहातली माणसे उठून गेली होती. कलकत्त्यापासून इथवर पंचावन्न वर्षांत कायदा 'आम्ही पाहूच शकत नाही' पासून 'राज्यपाल चुकले' इथपर्यंत आला, ही लहान गोष्ट नाही. परंतु उशिरा मिळालेला बरोबर निकाल हा मतदाराच्या हातात फक्त एक चांगला कागद ठेवतो.

म्हणून या इतिहासातून तीन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. राज्यपालांनी बहुमताचा अंदाज करू नये, ते मोजू द्यावे. न्यायालयाने दिवसांत उत्तर द्यावे, महिन्यांत नव्हे. आणि ज्या मुख्यमंत्र्याला लोकांनी सभागृहाच्या मार्गाने आणले आहे, त्याने जातानाही सभागृहातूनच जावे. हरला तरी तिथे हरावे. तिसरी गोष्ट राजकारण्यांना कठीण वाटेल. पण तिथे पडलेले प्रत्येक मत नोंदले जाते, आणि सेनगाव, औंढा, वसमतच्या मतदाराला आपल्या आमदाराने नेमके काय केले हे त्या नोंदीतूनच कळते. पाच वर्षांनी मतदान केंद्रावर जाताना त्याच्या हाताशी तेवढाच पुरावा असतो. तो त्याला मिळालाच पाहिजे.